हळदीची चहाडी

“ह्याला तुम्ही डोंगर म्हणता?” आर्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आमच्याकडे असल्या टेकाडावर चढायला मेंढ्यासुद्धा लाजतात!”

“मग तुझ्या मेंढ्यांना म्हणावं, इथल्या उकाड्यात चढून दाखवा! कॅन ऑर नॉट?” संकेतने घाम पुसत खास सिंगापुरी इंग्रजीत उलट टोला हाणला.

किमया दोघांच्या मध्ये पडली नाही. आर्या तिची मावसबहीण, आठवडाभराच्या सुट्टीत वेल्सहून सिंगापूरला आलेली. तिचं गाव तिथल्या एका दरीत होतं. आणि विमानातून उतरल्यापासून तिचं एकच तुणतुणं चालू होतं, “आमच्या दरीत हे, आमच्या दरीत ते!” तिथे कोळशाच्या जुन्या खाणी आता लोक तिकीट काढून बघतात म्हणे. दिव्याचं हेल्मेट घालून पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, जमिनीच्या पोटात उतरायचं! जिथून कोळशाच्या गाड्या धावायच्या, तिथे आता सायकली धावतात.

ऐकून ऐकून किमयाचे कान किटले होते. शेवटी तिने ठणकावून सांगितलं, “खाण आमच्याकडेपण आहे! बुकित बातोकमध्ये! ग्रॅनाइटची! आता तिथे मस्त तळं आहे. उद्या दाखवतेच तुला!”

म्हणून आज ही स्वारी निघाली होती. बरोबर शेजारचा संकेत. वय दहा, पण तोंड चौदाचं.

टेकडीच्या पायथ्याशी कालव्यावर एक छोटा पूल होता. आर्या कठड्यावरून खाली वाकली आणि ओरडली, “अगं, हे काय? तुमच्याकडे कालव्यातून दूध वाहतं?”

किमयाने बघितलं. रोज स्वच्छ असणारं पाणी पांढरंफटक झालं होतं! कडेला दोन-तीन मासे पोट वर करून तरंगत होते.

“परवापर्यंत असं नव्हतं,” संकेत म्हणाला.

खाण बघून तिघं परतली. तळं आणि उभे कडे बघून आर्याने दरीचं नावही न काढता फोटोंचा सपाटा लावला होता, तेव्हा किमयाची कॉलर ताठ होती. पण ब्लॉकच्या, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या, तळमजल्यावर पोचताच ती उतरली. रहिवाशांच्या खोलीबाहेर नंदाकाकू उभ्या होत्या, आणि समोर रहिवासी समितीचे अध्यक्ष मिस्टर कोह मोबाइल पुढे धरून बोलत होते.

नंदाकाकूंचे यजमान विश्वासकाका जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात काकू एकट्या. पण जूनची सुट्टी लागली की या खोलीत गोकुळ भरायचं! काकू मुलांना शाडूचे गणपती करायला शिकवायच्या. ही शाडू इथे मिळत नाही. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत काकू गोड बोलून एकेक पिशवी कोंबायला लावत. कुणाच्या लोणच्याची बरणी मागे राहिली तरी चालेल, शाडू आलीच पाहिजे!

“हा फोटो बघा,” मिस्टर कोह इंग्रजीत म्हणाले. माणूस सज्जन, पण नियम म्हणजे नियम. “तुम्ही बाहेरच्या नळावर मातीच्या बादल्या धुताय. पाणी गटारात जातंय. आणि गटार कालव्यात. कालवा पांढरा झालाय, मासे मरतायत.”

“बादल्या धुतल्या, हे खरं आहे,” काकूंचा आवाज पडला होता. “पण चार बादल्यांनी कालवा कसा पांढरा होईल?”

“रविवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत खोली बंद. आणि तक्रार खरी ठरली तर क्लास कायमचा बंद करावा लागेल. सॉरी.”

मिस्टर कोह गेले. काकू ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या अर्धवट मूर्तींकडे बघत राहिल्या.

“राहू दे गं, किमया,” त्या म्हणाल्या. “आपण परके लोक. भांडायचं कशाला? मूर्ती घरी घेऊन जा सगळ्यांनी.”

किमयाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूंना तिने हरलेलं कधी बघितलं नव्हतं. आठ-आठ महिने एकटी राहणारी ही बाई, आणि तिचं एवढंच एक हक्काचं सुख. तेही हिसकावून घ्यायचं?

त्या दिवशी जेवताना आर्या एकदम म्हणाली, “आमच्या दरीत...”

“झालं सुरू!” किमया कावली.

“ऐक तरी! आमच्या नदीचं पाणी पूर्वी काळं वाहायचं. कोळसा धुतलेलं पाणी सोडायचे ना! शेजारचे आजोबा सांगतात, पाणी काळं का झालं, हे खालच्या गावात विचारून काय उपयोग? वर जाऊन बघायचं. तुमच्या काकूंच्या नळाचं पाणी कालव्याला पुलाच्या खालच्या अंगाला मिळतं की वरच्या?”

किमयाचा घास हातातच राहिला. “खालच्या! आणि आपण पांढरं पाणी बघितलं ते पुलावरून! म्हणजे...”

“म्हणजे उद्या वर जायचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी किमयाच्या आईने, रश्मीने, नेहमीप्रमाणे पाठपिशवीत पाणी, केळी आणि हळदीची पुडी भरली. “खरचटलं तर दाबून लावा. आणि कालव्यात उतरायचं नाही! वरून पाऊस पडला तर पाणी कधी चढेल कळायचंसुद्धा नाही.”

तिघं कालव्याच्या कडेकडेने, कठड्याच्या बाहेरून चढत निघाली. पाणी अधिकाधिक पांढरं होत गेलं. झाडीमागे पत्र्याचं कुंपण लागलं. आत खाणीची जुनी कचेरी होती. तिची डागडुजी करून तिथे संग्रहालय होणार, असा भलामोठा फलक बाहेर झळकत होता. आतून सिमेंट कालवायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. कुंपणाखालून एक पाइप निघून कालव्यात डोकावत होता.

“ए! इथे काय करताय?” पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस फाटकातून बाहेर आला. साइटचा सुपरवायझर, डेरेक. हातात इथल्या रीतीप्रमाणे पिशवीतली थंडगार कॉफी, तोंडात स्ट्रॉ.

“अंकल, कालवा पांढरा झालाय. हे पाणी तुमचं आहे का?” किमयाने सरळ विचारलं.

“आमचं? आमचं सगळं पाणी टाकीत जातं! कालवा घाण केला तो त्या खालच्या माती खेळणाऱ्या आंटीने. फोटो मीच पाठवलाय. गो होम लाह!”

तो आत गेला. संकेत दात-ओठ खात म्हणाला, “चोराच्या उलट्या बोंबा! पण सिद्ध कसं करायचं? तो म्हणणार माती, आपण म्हणणार सिमेंट. दोन्ही पांढरंच दिसतं!”

“निदान पाइपाचा फोटो तरी काढू,” म्हणत आर्या पुढे झाली. आणि चिखलावरून तिचा पाय असा सटकला, की वेल्सची डोंगरकन्या सिंगापूरच्या टेकाडावर सपशेल आडवी!

“मेंढ्या हसतायत बघ!” संकेत खिदळला. पण गुडघ्यातून रक्त आलेलं बघून त्याने लगेच तिला हात दिला.

किमयाने पाण्याने जखम धुतली. हळदीची पुडी फोडली, जखमेवर दाबली. उरलेली पुडी घाईघाईत दगडावर ठेवली, ती कलंडली आणि हळद पाइपाखाली काठावरच साचलेल्या डबक्यात सांडली.

“बाप रे!” आर्या किंचाळली. “केवढं रक्त गेलं माझं!”

डबकं लालभडक झालं होतं!

किमयाने वाकून नीट बघितलं. मग ती जागच्या जागी उडी मारून ओरडली, “अगं वेडे, रक्त नाही, हळद आहे ती! हळदीत चुना पडला की कुंकू होतं! वरणाच्या डागाला साबण लावला की तो कसा लाल होतो? तसंच! सिमेंटात चुना असतो! ह्या पाण्यात सिमेंट आहे!”

“आणि शाडूत?” संकेतने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि लंगडणाऱ्या आर्यासकट अशी धूम ठोकली की विचारू नका.

नंदाकाकूंच्या स्वयंपाकघरात शाडूच्या पाण्याचं एक भांडं शिल्लक होतं. किमयाने त्यात चिमूटभर हळद टाकली. तिघं डोळे फाडून बघत राहिली. हळद पिवळी ती पिवळीच!

“पोरांनो, माझ्या घरात तुम्ही हे काय मांडलंय?” काकूंनी विचारलं.

सगळं ऐकल्यावर त्या मटकन खुर्चीत बसल्या. मग उठून त्यांनी जुनं पांढरं सुती उपरणं काढलं आणि स्वतःच टराटरा फाडलं. “पाण्यात हळद टाकत कुठे फिराल? हे तुकडे हळदीत भिजवा, वाळवा. पण बाळांनो, त्या पाण्याला हात लावायचा नाही. कातडी जाळतं ते.”

“मग पाइपापर्यंत कापड पोचवायचं कसं?” किमया म्हणाली.

संकेतने खिडकीकडे बोट दाखवलं. कपडे वाळत घालायचा लांबलचक बांबू! सिंगापुरात घरोघरी खिडकीबाहेर हेच बांबू डोलत असतात. “हा घेऊन गेलं की झालं! कॅन लाह!”

रविवारी दुपारी बैठक भरली. डेरेकही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. किमया उठली. तिने मिस्टर कोह यांना शाडूचं पाणी आणि पिवळी चिंधी दाखवली आणि म्हणाली, “सर, फक्त कालव्यापर्यंत चला. प्लीज!”

बांबू खांद्यावर घेतलेला संकेत पुढे, मागे सगळी समिती, नंदाकाकू आणि रश्मी, शेवटी गुडघ्याला पट्टी बांधलेली आर्या. वरात निघाली म्हणायची! पण पुलावर येताच तिघं थबकली.

कालव्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

“बघितलंत?” डेरेक हसला. “आंटीचा क्लास बंद झाला आणि पाणी साफ! अजून काय पुरावा हवा?”

समितीतल्या माना डोलायला लागल्या. नंदाकाकूंनी खाली मान घातली. मिस्टर कोह यांनी सुस्कारा सोडला. “मुलांनो, तुम्ही प्रयत्न चांगला केलात, पण...”

“हरलो,” संकेत पुटपुटला.

किमयाचं डोकं भणभणत होतं. रविवार. यंत्र बंद. नवा गाळ नाही, म्हणून पांढरेपणा खाली बसलेला. पण चुन्याची निवळी तरी कुठे पांढरी दिसते? कालच तर काकू सांगत होत्या, विड्याच्या पानाला लावायचा चुना भिजत घातला की वरचं पाणी नितळ दिसतं, तरी जीभ भाजते!

“थांबा!” ती ओरडली. “स्वच्छ दिसतंय, पण स्वच्छ आहे का ते हळदीला विचारू! डेरेक अंकल, तुमच्या पाइपातून कालव्यात पाणी येतच नाही ना?”

“एक थेंबसुद्धा नाही!”

“मग वरपर्यंत येताय ना? सर, बांबू तुम्हीच धरा. आम्ही हातसुद्धा लावत नाही!”

सगळे पत्र्याच्या कुंपणापाशी पोचले. मिस्टर कोह यांनी चष्मा सावरला. पहिली चिंधी त्यांनी बांबूला अडकवून पाइपाच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यात बुडवली. बाहेर काढली. पिवळी!

दुसरी चिंधी त्यांनी तशीच पाइपाच्या तोंडापाशी नेली. तिथून बारीक धार लागली होती, नितळ, अगदी पिण्यासारखी दिसणारी. चिंधी भिजली.

आणि बघता बघता लाल झाली!

“ऐय्यो!” समितीतल्या एक आजी ओरडल्या. संकेत आणि आर्या एकमेकांच्या गळ्यात पडून नाचायला लागले, आर्याचा गुडघा कुठल्या कुठे!

“हे... हे काहीतरी ट्रिक आहे,” डेरेक चाचरला.

“बांबू माझ्या हातात आहे,” मिस्टर कोह शांतपणे म्हणाले. “आणि एक थेंबसुद्धा येत नाही, असं तुम्हीच म्हणालात. टाकी दाखवा.”

टाकी कधीच भरून गेली होती. ती उपसायला टँकर बोलवायचा, म्हणजे काम एक दिवस थांबणार. त्यापेक्षा पाइप सोडला की झालं, असा डेरेकचा हिशेब. जुना वारसा जपायला निघालेली माणसं, आणि कालव्यातल्या माशांची ही गत! मिस्टर कोह यांनी तिथूनच संबंधित खात्याला फोन लावला. डेरेकने हेल्मेट काढून डोकं खाजवलं, आणि शेवटी काकूंसमोर येऊन “सॉरी, आंटी,” म्हणाला. डोळ्याला डोळा मात्र देता आला नाही त्याला.

“माझंही चुकलं,” मिस्टर कोह सगळ्यांसमोर म्हणाले. “फोटो बघितला आणि निकाल देऊन मोकळा झालो. मिसेस नंदा, खोली आजच उघडतो. बादल्या धुवायला आत सिंक बसवून देतो. गटारात मात्र मातीसुद्धा नको!”

“कबूल!” काकू म्हणाल्या.

“आणि तुम्ही तिघं,” मिस्टर कोह वळले, “मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा प्रयोग एकाही पुस्तकात इतका चांगला बघितला नाही.”

“आमच्या दरीत...” आर्याने तोंड उघडलं.

“काय?” किमया आणि संकेत एकदम म्हणाले.

“आमच्या दरीत हे कुणाला सुचलं नसतं!” ती म्हणाली, आणि रश्मीला हसू आवरेना. तिने तिघांनाही एकदम कवेत घेतलं.

त्या संध्याकाळी खोलीत पुन्हा गोकुळ भरलं. मूर्तींना थोड्या भेगा गेल्या होत्या, मुलं ओल्या बोटांनी त्या बुजवत बसली होती. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. समुद्रातून, विश्वासकाकांचा.

काकूंनी त्यांना इतके दिवस काहीच कळवलं नव्हतं. उगाच तिकडे जिवाला घोर नको! आज मात्र त्या घडाघडा बोलत सुटल्या. बांबू काय, चिंधी काय, डेरेकचा चेहरा काय! पलीकडून काकांनी काहीतरी विचारलं असावं.

“नाही हो, एकटी कशी असेन?” डोळे पुसत, मातीच्या हाताने फोन सावरत काकू म्हणाल्या. “माझी पोरं होती ना बरोबर!”