सातव्या होलवर सरळ मारू नका!

"चेंडूंना काय पाय फुटले? का पंख?" सेक्रेटरीसाहेब गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात गरजले. "कालपासून सातव्या होलवर चेंडू गायब होतायत! आणि ही पोरं रोज सकाळी तिथेच हुंदडत असतात! उद्याची मुलांची स्पर्धा रद्द! एकही पोर मैदानावर दिसता कामा नये!"

मोठ्या गोल्फच्या मैदानावर पूर्ण डाव खेळायला मिळावा म्हणून वर्षभर टिटवीने घरामागच्या गल्लीत उशीवर फटके मारले होते! मामा या मैदानाची देखभाल करायचा, म्हणून सुट्टीत सरावाची परवानगी मिळालेली. आणि आता हे!

"साहेब, मुलं चेंडू उचलणार नाहीत," मामा म्हणाला.

"मग कोण? मी?"

टिटवी धुमसत बाहेर आली. मागोमाग तिचा मामेभाऊ प्रोफेसर, नाकावरचा चष्मा सावरत, आणि धाकटा भाऊ लिंबू, खिशातली बिस्किटं खात.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" टिटवी फणकारली. "आपणच चोर शोधायचा. आत्ताच्या आत्ता!"

"शोधूया की," लिंबू म्हणाला. "बिस्किटं संपली की लगेच."

होल म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, आणि त्यातला सातवा सगळ्यात खडूस. समोर आडवं टेकाड. पलीकडे ग्रीन, म्हणजे ज्यात चेंडू घालायचा त्या भोकाभोवतीची मऊ मखमली हिरवळ. पण इकडून ती दिसतच नाही! म्हणून टेकाडाच्या माथ्यावर लालपांढरा खांब रोवलेला. खांबाच्या रोखाने मारायचं आणि पलीकडे जाऊन बघायचं. खेळून झालं की तिथली घंटा वाजवायची, म्हणजे मागच्यांना कळतं की वाट मोकळी आहे.

तिघं झाडाआड दबा धरून बसली. पहिले आले कर्नलआजोबा. फटका असा सरळ, की जणू पट्टीनं रेघ ओढलीय! चेंडू खांबावरून पलीकडे गेला आणि थोड्या वेळाने आजोबांचा आवाज आला, "अरे, पुन्हा गेला!"

मग आले दातांचे डॉक्टर. त्यांचा चेंडू दर वेळी उजवीकडे पळायचा. आत्ताही पळाला. अन् पलीकडून खणखणीत घंटा! टण टण टण!

"डॉक्टरकाकांचा सापडला?" प्रोफेसर चक्रावला. "त्यांनी तर भिंतीवर नेम धरला तरी खिडकी फुटते!"

तिसऱ्या होत्या बँकवाल्या काकू. सुरेख, सरळ फटका. चेंडू गायब!

टिटवी ताडकन उठली. "अरे बावळटांनो! सरळ मारणाऱ्यांचाच चेंडू हरवतोय! वाकडा मारणारा मजेत! असा कुठला चोर असतो का?"

काकू कुरकुरत पुढे गेल्यावर तिघं धापा टाकत टेकाडावर चढली. टिटवी खांबाला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने सरळ समोर बघितलं. समोर ग्रीन नव्हतीच! ती होती चांगली उजवीकडे. नाकासमोर होती काटेरी झुडपं.

लिंबू झुडपाखाली सरपटत घुसला. "आई गं! टोचलं! ए... ए टिटवी!" त्याने पाला उपसला. खाली कोरडा नाला, आणि नाल्यात चेंडूच चेंडू!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" प्रोफेसर हसत सुटला. "आपला फटका चुकेलच कसा, अशी प्रत्येकाची खात्री. म्हणून सगळे ग्रीनच्या आसपासच शोधत बसले!"

मग उजवीकडच्या गवतात टिटवीच्या बुटाला काहीतरी लागलं. जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप! खांबाची खरी जागा!

"चल, सांगूया," लिंबू म्हणाला.

"छे! सांगून कुणाला पटणार? दाखवायचं!"

संध्याकाळी टिटवी थेट सेक्रेटरीसाहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, सातव्या होलवर एक फटका तुमचा, एक माझा. तुमचा ग्रीनजवळ सापडला, तर आम्ही उद्या घरी जातो. माझा सापडला, तर उद्या स्पर्धा!"

"अगं, गप!" मामाने डोळे मोठे केले. पण कर्नलआजोबा खो खो हसले. "सेक्रेटरी, पोरीला घाबरलात की काय?"

झालं! सगळी वरात सातव्या होलवर. साहेबांनी खांबावर नेम धरला आणि झकास फटका हाणला. "बघा! तीरासारखा!"

टिटवी आली. तिने खांब सोडून चक्क उजवीकडे तोंड केलं.

"अगं, खांब तिकडे आहे!" काकू ओरडल्या. हशा पिकला. टिटवीने नेम धरला आणि... ठाक्!

सगळे टेकाडावर चढले. ग्रीनच्या मधोमध एकच चेंडू चमकत होता. टिटवीचा! साहेबांचा लिंबूने काट्यांतून शोधून आणला. सोबत टोपीभर बाकीचेही. मग टिटवीने गवतातला रिकामा पाइप, म्हणजे खांबाची खरी जागा, सगळ्यांना दाखवली.

"पण खांब हलवला कुणी?" कर्नलआजोबांनी विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. "परवा करंडक घेऊन माझा फोटो काढला ना इथे... खांब माझ्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. म्हणून उपटला. मग घाईत... कुठेतरी ठोकून दिला."

डॉक्टरकाका पोट धरून हसू लागले. "म्हणजे काल आणि आज मी इथला सर्वात उत्तम खेळाडू होतो!"

हसू आवरल्यावर साहेब टिटवीपुढे आले. "चुकलो, बेटा. तुम्हा तिघांवर उगाच आळ घेतला, तुझ्या मामाचंही ऐकलं नाही. उद्या स्पर्धा होणार. आणि शाब्बास! ज्या होलवर आम्ही सगळे नुसते ओरडत होतो, तिथे तू बघत होतीस."

मामाने खांब उपटून टिटवीच्या हातात दिला. "घे. आता हा कुठे बसवायचा, ते तूच दाखव."

"एकटीला जड होईल," साहेब म्हणाले आणि त्यांनीच खालचं टोक धरलं. कर्नलआजोबा, काकू, डॉक्टर, प्रोफेसर, लिंबू, सगळ्यांचे हात लागले. खांब पाइपात खट्कन बसला, अन् लिंबूने धावत जाऊन घंटा अशी काही बडवली, की मैदानभरची पाखरं उडाली!