विळीवरचा दोष

"विळीला हात लावू नको, दामिनी. एकदा लावलास ते बस झालं."

रत्नम्मांनी दोडक्यांची पाटी स्वतःकडे ओढली, आणि दामिनी मुकाट उठून लेकीच्या अंथरुणापाशी जाऊन बसली. तीन वर्षं हेच... पोटुशी असताना ग्रहणात तिनं विळीवर भाजी चिरली, म्हणून शिवगंगेचं अंग असं लुळं. सासूनं म्हटलं, उदगीरच्या साऱ्या सोयऱ्यांनी मानलं, आणि हळूहळू तिच्या व्याकूळ मातृहृदयानंही तो दोष पदरी बांधून घेतला. सासू तरी कोण? सख्खी आत्या. भावाची लेक तिनंच हौसेनं सून करून आणलेली.

तेवढ्यात लातूरच्या दवाखान्यातून दामिनीचा नवरा रविकिरण आला. सरकारी मदतीतून मंजूर झालेलं औषध त्यानं बर्फाच्या डब्यातून जपून आणलं होतं.

"आई, गंगीचा रिपोर्ट डॉक्टरांनी समजावून सांगितला. शरीर जनुकाची नक्कल काढतं, तिचे तुकडे कापून जोडतं. गंगीच्या जोडणीत एक तुकडा गळून जातो, म्हणून नसा वाळून राहिल्यात. हे औषध तो तुकडा गळू देत न्हाई. दोष माझ्याकडूनबी आलाय, हिच्याकडूनबी. ग्रहणाचा काय संबंध न्हाई."

"मग चालंल का ती?" दामिनीनं विचारलं.

"गेलेलं बळ येत न्हाई म्हणले. उरलंय ते राखायचं. तान्ही असतानाच दिलं असतं, तर चाललीबी असती. घरात आधी असं कुणी लेकरू होतं का, विचारलं. मी म्हणलो, न्हाई."

रत्नम्मांचा हात थांबला.

"होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी. आठ महिन्यांचं होऊन गेलं."

त्यांनी विळी बाजूला सारली.

"गंगी तीन महिन्यांची होती. न्हाऊ घालताना वळखलं मी... तसंच अंग, तसंच मऊ रडणं. बोलले असते, तर लोक म्हणले असते, रगतात दोष हाय हे जाणून भावाची पोर आणली. म्हणून ग्रहण तुझ्या माथी मारलं, पोरी. तुझी काई कसूर न्हवती."

तीन वर्षं उशीत जिरवलेल्या हुंदक्यांतून दामिनीच्या ओठांवर असा एक जळता शब्द आला, जो उच्चारला असता तर आत्या आणि भाची पुन्हा कधी एका चुलीपाशी बसल्या नसत्या... तिनं म्हातारीकडे पाहिलं. तो वाकलेला चेहरा तिच्या बापाचाच होता.

"नाव काय ठिवलं होतं त्याचं?"

"वीरेश." चौतीस वर्षांत ते नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

दामिनीनं तोंडातून द्यायच्या औषधाची पिचकारी भरली. मग शिवगंगेला अलगद उचलून रत्नम्मांच्या मांडीवर ठेवलं.

"मान धरा, आत्या," ती म्हणाली. "तुमाला येतंय ते."