पंच्याखालचा हात

हे कुणी रचून सांगितलेलं नाही. जिच्यासोबत घडलं, ती मीना आज गंगापूर रोडला राहते. पेटीचा विषय निघाला की उठून आत जाते.

साल १९९७. मार्चमधली संध्याकाळ. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर धनराज सरांचा पेटीचा क्लास.

मीना पेटीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा अलंकारांत. सा रे ग वाजवून झालं की अंगठा बोटांखालून नेऊन ‘म’ दाबायचा. तिथंच ती अडखळायची आणि खाली बघायची.

वडील यादवराव ओझरच्या कारखान्यात फिटर. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा पास झालीस तर हवं तितकं शीक. नाही झालीस तर क्लास बंद. सिन्नरचं स्थळ थांबायला तयार नाही."

सरांची एक पद्धत होती. जो खाली बघेल, त्याच्या हातावर आणि पट्ट्यांवर ते पंचा टाकत.

त्या संध्याकाळी तो मीनाच्या हातावर पडला. "बोटं आहेत का भेंड्या? आता बघ खाली!"

सगळे हसले. मीना वाजवू लागली.

सा... रे... ग...

आणि पंच्याखाली कुणीतरी तिचा अंगठा धरला.

गार बोटं. त्यांनी अंगठा ओढून बरोबर ‘म’वर ठेवला.

सर तर समोर खुर्चीत होते.

"जमलं की!" सर म्हणाले. "पुन्हा."

मग ते रोजच सुरू झालं. हात तिच्या हातावर पसरायचा. चुकलं की नख रुतायचं... चामडी निघेपर्यंत. त्या हाताचं एक बोट मात्र वाकडं होतं. ते कधी सरळ झालं नाही.

एकदा जिना उतरताना मीनानं ज्योत्स्नाला विचारलं. ती क्लासमधली सगळ्यात जुनी.

"माझ्या जागेवर आधी कोण बसायचं गं?"

"चंदर. तो पण ‘म’लाच चुकायचा. सरांनी रागात पेटीचं झाकण पाडलं त्याच्या हातावर. बोट वाकडंच राहिलं. परीक्षेच्या आधीच वारला बिचारा. का विचारतेस?"

"सहजच," मीना म्हणाली.

तिला पास व्हायचं होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. भर दुपारी, एका शाळेच्या वर्गात. परीक्षक बाई पुण्याच्या.

"पंचा कशाला आणलास?"

"बाई, सवय आहे. न बघता वाजवते."

"अगोबाई, वाजव मग." बाईंनी डोळे मिटले. "ठाय, दुगुण, मग चौगुण."

संथ लयीतलं ठाय झालं. दुगुण झाली.

चौपट वेगाची चौगुण सुरू होताच नख असं रुतलं की मीनानं कळवळून उजवा हात बाहेर काढला.

पेटी थांबली नाही.

आरोह वर गेला... अवरोह खाली आला. एकही स्वर सुटला नाही. मीना डाव्या हातानं भाता मारत होती. तिचं काम तेवढंच उरलं होतं.

शेवटच्या ‘सा’ला तिनं हात पुन्हा पंच्याखाली सरकवला.

तिथं कुणीच नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. "वा! किती स्वच्छ हात आहे गं."

मीना पहिल्या श्रेणीत पास झाली. यादवराव शब्दाचे पक्के. निकालाच्या दिवशी पेढ्यांसोबत नवी पेटी घेऊन आले. शेजारपाजारचे जमले.

"वाजव, बेटा."

"मी पंचा घेते, बाबा."

"आता कसला पंचा? बघू दे की सगळ्यांना."

मीनानं पट्ट्यांवर हात ठेवला.

सा... रे... ग...

अंगठा हललाच नाही. तिनं पुन्हा सुरुवात केली. बोटं एकमेकांत अडकली. पहिल्या दिवशीच्या पोरीलाही याहून बरं जमलं असतं. एक बाई फिसकन हसली.

यादवरावांच्या हातात पेढ्यांचा खोका तसाच राहिला.

"मीना," ते हळू आवाजात म्हणाले, "मग पास कोण झालं?"