पाचवा आकडा

अंगावरचा ओला बर्फ झटकत मारेट विल्यांदी गावच्या वाचनालयात शिरली आणि तिनं लॅपटॉप आर्गोच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. दोन वर्षं दर गुरुवारी ही नर्स पुस्तकं परत करायला येई, आणि वाचनालयाचे संगणक सांभाळणारा हा भिडस्त गडी मान खाली घालून बसे. आज मात्र सुटका नव्हती.

"ब्राउझर उघडला की लगेच मिटतो," ती म्हणाली. "रात्रपाळी करून आलेय, उभ्या उभ्या झोपेन अशी गत आहे. आणि चारच्या आत सही गेली पाहिजे. तुम्ही दारावर चिकटवलेली सूचना वाचूनच नवं प्लगिन टाकलं मी!"

"आणि... जुनं काढलंत?"

"जुनं काढा असं कुठे लिहिलंय?"

आर्गोनं डोळे मिटले. लिहिलंच नव्हतं. ओळखपत्राच्या कार्डानं संगणकावरून सही करायची तर ब्राउझरला हे प्लगिन हवंच, पण जुन्याचं नि नव्याचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. सकाळपासून ही आठवी तक्रार. बिचारा पार पिचून गेला होता.

"चूक माझी आहे," तो पुटपुटला.

"कबूल? मग शिक्षा म्हणून निदान मान वर करून बोला."

त्यानं मान वर केली. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते, तरी हसत होते... तो घाईघाईनं पुन्हा कामाला लागला. सगळी प्लगिनं बंद ठेवून त्यानं ब्राउझर उघडला, दोन्ही काढून टाकली, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि नवं तेवढं एकच बसवलं. या वेळी ब्राउझर मिटला नाही. समोर कागद उघडला – समुद्रापलीकडच्या हेलसिंकीतल्या एका रुग्णालयाचा करार. दोन वर्षांचा.

आपण आपल्याच हातांनी हिला बोटीत बसवून देतोय, हे त्याला आत्ता कळलं.

"चारला दहा कमी आहेत," तो म्हणाला. "पिन टाका."

कुणी पिन टाकायला लागलं की पाठ फिरवायची, ही इथली रीत. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मागे काहीच वाजेना.

"जायचंय ना?" त्यानं विचारलं.

"जायचंय. इथे तरी माझी कोण वाट बघतंय?"

ती समोर असती तर तो जन्मात बोलला नसता. पण समोर नुसती ओली काच होती.

"मी," तो काचेला म्हणाला. "दर गुरुवारी. तू परत केलेलं प्रत्येक पुस्तक मी घरी नेतो... ते लोणच्यांचंसुद्धा. मला साधं अंडं उकडता येत नाही."

मागे एक कळ वाजली. दुसरी. तिसरी... चौथी. सहीचा पिन पाच आकडी असतो. पाचवी कळ वाजलीच नाही.

"वळलास तरी चालेल."

तो वळला. पिनच्या चौकटीत चार ठिपके होते. मारेट हातांवर डोकं टेकून टेबलावर कलंडली होती.

"पाचवा आकडा विसरलीस?"

"पाठ आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "फार दमलेय रे. चार वाजून गेले की उठव मला."