वीस मिनिटांचं फूल

पाऊस कालच थांबला होता, भिंगावर एक थेंबही पडला नव्हता, तरी कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसत होतं. मी काच पुसली. पुन्हा पांढरं! आणि समोर, सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या पठारावर), ते जांभळं फूल उमलायला लागलं होतं. ते वीसच मिनिटं उघडं राहतं.

माझे भाऊआजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. चाळीस वर्षांपूर्वी, २०३१ साली, त्यांना हे फूल दिसलं, पण फोटो मिळाला नाही. पुरावा नाही म्हणून लोक हसले. म्हणाले, भास झाला असेल. आता ते झाड पुन्हा सापडलं होतं, पण आजोबांची नजर गेली होती. फोटो मलाच काढायचा होता. झाडाला कळ्या दोनच. एक आजची, एक उद्याची.

"वल्लरी, काच हाताला कशी लागते?" आजोबांनी विचारलं.

"गारठलेली."

"कॅमेरा कुठे होता?"

आमचा सोळा पायांचा यंत्रमानव गोमाजी पुढे सरकला. "माझ्या शीतपेटीत. मी तापलो की मला तिथे बरं वाटतं. म्हटलं, तोही यंत्रच आहे."

मला असा राग आला! पण त्यानं मायेनंच ठेवला होता.

"हवेत पाण्याची वाफ असते, ती दिसत नाही," आजोबा म्हणाले. "हवा दवबिंदूच्या (वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या) खाली गेली, की पाणी सुटतं. तुझी काच त्याहून थंड आहे. तिला टेकलेली हवा गारठते आणि वाफ काचेवर पाणी होऊन बसते. काच हवेइतकी कोमट होईपर्यंत कितीही पूस, ओल येतच राहणार."

काच कोमट झाली, तेव्हा फूल मिटलं होतं. मला रडूच फुटलं. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडण्याआधी तासभर सड्यावर जाऊन बसलो. कॅमेरा शीतपेटीबाहेर.

"काच बावीस अंश. हवा बावीस अंश," गोमाजी दर पाच मिनिटांनी सांगत होता.

ऊन आलं. कळी हलली, उघडली. मी बटण दाबलं.

"आजोबा, पाच पाकळ्या आहेत, सगळ्या जांभळ्या..."

"सगळ्या नाहीत. खालच्या पाकळीवर, उजव्या कडेला, केशरी ठिपका असेल."

मी फोटो मोठा करून पाहिला.

"आहे, आजोबा," मी म्हटलं. "आता तो सगळ्यांना दिसेल."