काढून विकलेला जिना

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातलं काहीही रचलेलं नाही. जिच्या डोळ्यांदेखत हे घडलं ती प्रेमिला आज नागपुरातच, नंदनवनात राहते. घर बैठं आहे. नवऱ्यानं वर एक मजला चढवायचं नाव काढलं की ती भरल्या ताटावरून उठते.

साल १९७३. वैशाख महिना. जागा, इतवारी.

आणि रात्र नव्हती.

भर दुपार होती...

इतवारीत तेव्हा एक इमारत होती. अजूनही आहे. चंपतरावांच्या आजोबांनी १९०२ साली बांधलेली. खाली भांड्यांचं दुकान, वर राहतं घर. दर्शनी भिंतीवर चुन्यात घडवलेले मोर, बाल्कनीला बिडाच्या नक्षीचा कठडा, खिडक्यांना रंगीत काचा. दुकानाच्या मागून वर जाणारा सागवानी जिना तर असा, की त्याच्या प्रत्येक खांबावर द्राक्षांचा वेल कोरलेला. टांगेवाल्याला नुसतं 'मोरवाली बिल्डिंग' म्हटलं तरी पुरे.

प्रेमिला नागपूरजवळच्या खाप्याची. लग्नाला वर्ष होत आलेलं. नवरा देवराव बापाच्या हाताखाली दुकानात बसायचा. सासरे म्हणजे हे चंपतराव. प्रेमिला त्यांना मामाजी म्हणे. हे सगळे खाली, दुकानामागच्या खोल्यांत राहत.

वरच्या मजल्यावर एकटी प्रयागबाई. चंपतरावांची विधवा काकी. मूलबाळ नाही. घरात सगळ्यांची आजी.

पण अर्ध्या इमारतीवर तिचं नाव होतं.

चंपतरावांना इमारत पाडून सिमेंटची चार मजली उभी करायची होती. म्हातारी सही देईना. त्यात हिवाळ्यात कॉलेजातले एक प्राध्यापक इमारत पाहायला आले. वरच्या खोलीच्या कोरीव लाकडी छताखाली मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले.

"ही इमारत तुमच्या एकट्याची नाही," ते म्हणाले. "अख्ख्या शहराचा ठेवा आहे. आणि या छताला तर तोड नाही. याला कधी हात लावू नका."

प्रयागबाईनं त्यांना तुपाचा शिरा खाऊ घातला. आणि त्या दिवसापासून ती हटूनच बसली.

"मी मेल्यावर पाडजो रे चंपत. तोवर नाही."

चंपतराव हसले. "बरं काकी."

वैशाखात, एका दुपारी म्हातारी वर झोपली असताना, त्यांनी जिना उतरवला.

रामदासपेठेतल्या एका बंगल्यासाठी जिन्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. सुतारांनी एक-एक पायरी सोडवून बैलांच्या रेंगीवर चढवली. हातोड्यांच्या आवाजानं म्हातारी उठून आली. जिथं जिना होता तिथं भोक होतं. ती त्या भोकाच्या काठावर बसली.

"चंपत, मी खाली कशी येऊ गा?"

"सही करून दे काकी. मंग शिडी लावतो."

म्हातारीनं सही दिली नाही.

नळ खाली, चूल खाली. संध्याकाळी म्हातारीनं दोराला टोपली बांधून खाली सोडली. प्रेमिलानं गुपचूप त्यात तांब्या आणि दोन पोळ्या ठेवल्या. टोपली वर गेली. पुन्हा खाली आली तेव्हा चंपतराव तिथंच उभे होते. खिशातल्या अडकित्त्यानं त्यांनी दोर कापला. मग त्याच अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट त्या भोकाखालीच टाकली.

नागपूरचा वैशाख. रस्त्यावर कुत्रं नाही. वरचा मजला भट्टीसारखा तापलेला.

"सूनबाई... पाणी दे वं..."

प्रेमिला स्वयंपाकघरात पदर तोंडात दाबून उभी राहिली.

"देवराव," खाटेवरून चंपतराव म्हणाले, "रेडिओ लाव."

देवरावनं रेडिओ लावला.

बाल्कनीत येऊन म्हातारीनं एक हाक दिली असती तरी अख्खा बाजार गोळा झाला असता. पण ती बाल्कनीत आली नाही. घराण्याचं नाव बाजारात निघेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

"नाटक असन," म्हणत चंपतरावांनी आणखी एक दिवस जाऊ दिला.

प्रेत बाल्कनीला शिडी लावून, दोरानं उतरवावं लागलं. लोकांना सांगितलं, लू लागली. जिना दुरुस्तीला काढला, तरी वरच राहायचा हट्ट धरला होता, आमचं ऐकलं नाही. बायका प्रेमिलाच्या गळ्यात पडून रडल्या. प्रेमिला दगडासारखी उभी होती.

तेरावं उरकलं. दुसऱ्याच दुपारी चंपतरावांनी बांबूची शिडी आणवली. वरच्या रंगीत काचा, दारं, काय काय विकता येतं ते त्यांना पाहायचं होतं.

"धरून ठेव वं सूनबाई. हलू देऊ नको."

शिडी भोकाच्या काठावर हातभर वर निघत होती. चंपतराव चढून गेले. त्यांची पावलं या खोलीतून त्या खोलीत वाजत राहिली. खिडक्या उघडल्याचा आवाज आला.

मग सगळं गप्प झालं.

आणि मग...

ठक.

लाकडी पायरीवर पाऊल पडावं तसा आवाज. प्रेमिलाच्या डोक्यावर. उजव्या बाजूला. जिथं जिना होता, तिथं.

ठक... ठक...

कोणीतरी उतरत होतं. सावकाश. कठड्याला धरून उतरणारं माणूस दर पायरीला थांबतं, तसं थांबत.

तिथं काहीच नव्हतं. भिंतीवर जुन्या जिन्याचा तिरपा डाग होता तेवढा.

शेवटचं पाऊल तिच्या अगदी शेजारी वाजलं. अंगाला वारा लागला. त्या उकाड्यात... गार वारा. आणि तो पुढं गेला. स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकलं.

प्रेमिलानं मान वळवली नाही. तिनं शिडी धरून ठेवली होती. घट्ट.

"सूनबाई!" वरून चंपतराव ओरडले. "शिडी कुठं नेली?"

तिनं वर पाहिलं.

शिडी तिच्या हातात होती. जागची हललीही नव्हती. पण तिचं वरचं टोक भोकाच्या काठापर्यंत पोचत नव्हतं.

वीतभर... कमी पडत होतं.

देवराव धावत आला. त्यानं शिडी उभी करून पाहिली. पोचेना. शेजारच्या दुकानातून मोठी शिडी आणली. तीही वीतभर कमी. मांडववाल्याकडची दोन शिड्या बांधून केलेली आणली. ती छताहून उंच होईल असं कोणीही सांगितलं असतं.

वीतभर कमी.

वरून चंपतराव आधी शिव्या देत होते. मग विनवू लागले. भोकातून त्यांचा चेहरा दिसत होता. दर वेळी जरा लहान दिसत होता.

संध्याकाळी बंबवाले आले. रस्त्याच्या बाजूनं त्यांची शिडी बाल्कनीला नीट लागली. एकजण आत गेला. बराच वेळ फिरला. मग त्या भोकातून त्यानं खाली डोकावलं. त्याचा चेहरा कसा स्वच्छ, जवळ दिसत होता.

"इथं कोणीच नाही ना जी," तो म्हणाला.

"मंग हा आवाज?" देवरावनं विचारलं.

कारण आवाज येतच होता. सगळ्यांना ऐकू येत होता. "देवराव... पाणी दे बापू..."

बंबवाल्यानं मान वर केली. त्याच्या डोक्यावर ते कोरीव छत होतं. त्यावर फक्त छपराचे कवेलू.

"आवाज तर अजून वरून येऊन राहिला," तो म्हणाला. आणि भराभर उतरून आला. जाताना त्यानं चहाही घेतला नाही.

एकानं कवेलूवर चढून पाहिलं. वर मोकळं आभाळ. आवाज त्याच्याही वरून.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी देवरावनं दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं. लग्नसराई होती. गिऱ्हाईक विचारे, "वर कोण ओरडून राहिलं?" देवराव घागर पुसत म्हणे, "बाबा होत. तब्येत बरी नाही."

दुपारी प्रेमिला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, वरचं छत फोडा. आवाज कुठूनबी येवो, छत आन् कवेलूच्या मधातच अडकले असन मामाजी. सुतार बोलवा."

देवरावनं तराजू हातात घेतला.

"ते छत फोडू?" तो म्हणाला. "त्या मास्तरानं काय सांगतलं, तू आयकलं ना? तसं छत दुसरं नाही. किती किंमत असन त्याची, तुले काय माहीत? बाबा तर सगळंच पाडून टाकणार होते."

"पण बाप होय तो तुमचा!"

वरून आवाज आला. आता शब्द कळत नव्हते. विहिरीच्या तळातून यावा तसा, पण उलटा. खूप उंचावरून.

देवरावनं तराजू खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं नाही.

"रेडिओ लाव वं," तो म्हणाला.

प्रेमिलानं रेडिओ लावला. आपल्या हातानं. आजही ती तो हात दाखवते.

आवाज किती दिवस येत होता, ते ती सांगत नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली. चंपतराव सापडले नाहीत. जिवंत नाही, मेलेले नाही. पुढं देवरावनं मागून लोखंडी जिना बसवला. वर भांड्यांचा माल ठेवला. राहायला दोघं नंदनवनात आली. इमारत मात्र त्यानं जिवापाड जपली. मोरांना दर दिवाळीला चुना, काचा पुसलेल्या.

नंतर आठेक वर्षांनी ते प्राध्यापक पुन्हा आले. सोबत कॉलेजची पोरं-पोरी. समोरच्या पेढीच्या ओट्यावर बसून ती इमारतीचं चित्र काढत होती. देवराव खुशीत होता. सगळ्यांना त्यानं चहा पाजला. प्रेमिला त्याचा डबा घेऊन आली होती.

एक मुलगी तिच्याकडे आली. चुणचुणीत, चष्मा लावलेली.

"काकू, तिसऱ्या मजल्यावर कुठून जायचं? सरांना आम्हाला खिडक्या जवळून दाखवायच्या आहेत."

"तिसरा मजला नाही बाई याले," प्रेमिला म्हणाली. "दोनच होत."

मुलगी हसली. तिला वाटलं, काकू थट्टा करतात. तिनं हातातली चित्राची फळी फिरवून दाखवली. खाली दुकान. वर बाल्कनी, मोर, खिडक्यांची ओळ. आणि तिच्यावर... आणखी एक ओळ.

प्रेमिलानं ओट्यावरच्या बाकीच्या फळ्या पाहिल्या.

सगळ्यांनी तीनच मजले काढले होते.

"वरचे आजोबा मजेदार आहेत हो," मुलगी म्हणाली. "सकाळपासून दोन्ही हात हलवतायत. आम्ही पण सगळ्यांनी मिळून टाटा केला."

प्रेमिला रस्त्यावर उभी होती. मान वर केली असती तर दिसलं असतं.

तिनं मान वर केली नाही.