तिसरी हाक

चारठाण्याच्या जुन्या देवळामागून राजेश्री शेतातून परतत होती. भर दुपार, चिटपाखरू नाही... आणि मागून आवाज आला, "अहो, ऐका!"

तिनं वळून पाहिलं नाही. पाय मात्र भराभर उचलले.

"अहो, थांबा ना जरा!"

तिनं ओ दिली नाही, चालतच राहिली. तिसऱ्या हाकेला ती वळली. समोर एक तरुण: गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, घामेजलेला चेहरा आणि पाय... सरळ! तिला हसूच फुटलं.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतंय की. पण इथं पयल्या हाकेला ओ देत नसतेत. भूत दोनच हाका मारतंय. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय."

तो बघतच राहिला. आधी तिच्या डोळ्यांकडे, मग शेतातल्या भोंग्याच्या खांबाकडे.

हरिओम मूळचा सोनपेठचा, नोकरी परदेशी कंपनीत. वीज पडायच्या आधी इशारा देणारे भोंगे कंपनीनं शिवारात बसवले होते. "घरी जा!" एवढंच ते एकदा ओरडत; सगळ्या देशांत तोच नियम. इथली माणसं मात्र भोंगा ओरडला की होती तिथंच गप्प उभी राहत. असं का, हे शोधायला त्याला धाडलं होतं, आणि उत्तर हे असं पाठमोरं सापडलं.

मग त्याच्या चकरा सुरू झाल्या. निमित्त भोंग्याचं, कारण कोण, ते अख्ख्या गावाला कळत होतं.

"साहेब म्हणतात, एका गावासाठी भोंगा तीनदा ओरडायला लावला तर उद्या प्रत्येक गाव आपापलं मागेल."

"मागंल की! प्रत्येक गावाचं भूत येगळं हाय."

तो हसला. "भोंगा कंपनीचा ठेवू, हाका गावाच्या. एवढं पटवून येतो. नाही पटलं तर... बदली." मग हळूच म्हणाला, "राजेश्री, लग्न करशील माझ्याशी?"

"एका हाकेला ओ देत न्हाई मी," ती लाजून म्हणाली.

तो गेला. मागोमाग कंपनीची माणसं भोंगाही उतरवून घेऊन गेली. खांब तेवढा उरला. त्याचा फोन लागेना. उगाच चेष्टा केली, असं तिच्या मनाला लागून राहिलं. दिली असती ओ, तर काय बिघडलं असतं?

एका दुपारी आभाळ काळंभोर झालं. ती बांधावरच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. वारा पडला होता, पान हलत नव्हतं.

"राजेश्री!"

त्याचाच आवाज... पण खांबाकडून. रिकाम्या खांबाकडून! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"राजेश्री!"

ओ अगदी ओठांवर आली. तिनं ओढणी तोंडावर दाबून धरली. तिसरी येऊ दे, देवा... नाही आली, तर तो नव्हताच.

"राजेश्रीऽऽ!"

"ओ!" ती जीव खाऊन पळत सुटली. मोटरसायकल वाटेत आडवी टाकून हरिओम समोरून धावत येत होता. ती त्याच्यापाशी पोचली आणि मागं कडाडलं. चिंच उभी चिरली होती.

"परवानगी मिळाली!" घाबरल्यावर त्याच्या तोंडी सोनपेठची बोली आली. "पण तू त्या झाडाखाली काय करायलीस?"

"तिसऱ्या हाकेची वाट बघायलते."

"तिसरी?" त्याचा चेहरा उतरला. "मी आत्ताच आलो, राजेश्री. एकच मारली मी."

दोघांनी खांबाकडे पाहिलं. वर काही नव्हतं. तुटकी वायर तेवढी हळूहळू हलत होती, आणि वारा तर पडलेलाच होता...

तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"कुणी का मारंना," ती म्हणाली. "तीन झाल्या. आन् ओ दिली मी."